मोहरचे वर्तुळ आणि भिजलेली माती

तोंडी परीक्षेत मी एक प्रश्न हटकून विचारतो. "दाबाखाली असलेला मातीचा नमुना कोणत्या प्रतलावर तुटतो?" उत्तर तत्काळ येते : "सर, फॉर्टीफाइव्ह प्लस फाय बाय टू." मग मी विचारतो, "का?" येथे बहुतेकांची गाडी थांबते. जे थोडे धीट असतात ते म्हणतात, "कारण त्या प्रतलावर शिअर स्ट्रेस सर्वांत जास्त असतो." हे उत्तर चूक आहे. पण ते का चूक आहे हे समजावून सांगण्याइतका वेळ तोंडी परीक्षेत कुणालाच नसतो. बाहेर आणखी वीस मुले फायली छातीशी धरून उभी असतात. संपादकांनी मराठी विभागासाठी लेख मागितला तेव्हा हा राहून गेलेला खुलासा करून टाकावा असे ठरवले. विषय निवडण्याला आणखीही एक कारण आहे. ते ओघात पुढे येईल.

प्रथम शब्दांविषयी थोडेसे. स्ट्रेस म्हणजे एकक क्षेत्रफळावर येणारे बल; त्याला आपण प्रतिबल म्हणू. प्रतलाला काटकोनात येणारे ते लंब प्रतिबल आणि प्रतलाला समांतर, घसटत जाणारे ते कर्तन प्रतिबल. 'कर्तन' हा शब्द मला आवडतो, कारण आपली 'कात्री' त्याच घराण्यातली आहे. कात्रीची दोन पाती एकमेकांना घासून विरुद्ध दिशांना जातात आणि मधला कागद तुटतो. माती तुटते तीही अशीच. माती चिरडत नाही, तिचे दगडासारखे तुकडे उडत नाहीत. तिचा एक भाग दुसऱ्या भागावरून घसरतो. दरड कोसळो, भराव खचो वा इमारतीचा पाया एका अंगाला कलो, मुळाशी हे घसरणेच असते. या घसरण्याला माती जास्तीत जास्त जेवढा विरोध करू शकते, ते तिचे कर्तन सामर्थ्य.

हा विरोध येतो कोठून? घरी करून पाहण्यासारखा एक खेळ आहे. अरुंद गळ्याचा तांब्या तांदळाने भरावा, आपटून आपटून तांदूळ ठासावेत आणि त्यात एक लांब सुरी सरळ खुपसावी. तांदूळ पुरेसे ठासले गेले असतील तर सुरी वर उचलताच तांब्याही उचलला जातो. तांदळाचे दाणे एकमेकांना चिकटलेले नाहीत. ओंजळीत घेतले तर बोटांमधून गळून पडतील. पण तांब्याच्या भिंतींनी त्यांना आवळून धरले की तेच दाणे सुरीला सोडत नाहीत. दाबल्याखेरीज पकड नाही, आणि जितका दाब जास्त तितकी पकड जास्त. हे घर्षण. मातीत याखेरीज दुसरीही एक गोष्ट असू शकते : दाब नसतानाही कणांना धरून ठेवणारा चिकटपणा, ज्याला आपण कोहेजन म्हणतो आणि मराठीत संसक्ती म्हणता येईल.

या दोन गोष्टींची बेरीज प्रथम नीट मांडली ती कुलोम याने. पुढे विद्युतभारांच्या नियमामुळे जगप्रसिद्ध झालेला हा फ्रेंच गृहस्थ मूळचा लष्करी अभियंता. मार्टिनिक बेटावर किल्ला बांधण्याचे काम करून तो मायदेशी परतला आणि १७७३ साली त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एक निबंध वाचला. तो १७७६ मध्ये छापून आला. त्यातला एक प्रश्न असा होता : मातीचा भराव अडवणारी भिंत किती जाड असावी? त्याच्या उत्तरातून आलेले, आज आपण वहीत लिहितो ते सूत्र असे :

टाऊ = सी + सिग्मा × टॅन फाय

येथे टाऊ म्हणजे त्या प्रतलावरचे कर्तन सामर्थ्य, सी म्हणजे संसक्ती, सिग्मा म्हणजे त्याच प्रतलावरचे लंब प्रतिबल आणि फाय म्हणजे अंतर्गत घर्षणकोन. 'त्याच प्रतलावरचे' या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढून ठेवावी. पुढचा सगळा घोटाळा तेथेच होतो.

प्रयोगशाळेतली कर्तनपेटी हे सूत्र डोळ्यांना दाखवते. सहा सेंटिमीटर बाजूची चौरस पेटी, आडवी दोन भागांत विभागलेली. वरून वजन ठेवायचे आणि अर्धी पेटी बाजूला ढकलायची. समजा वरचे प्रतिबल ५०, १०० आणि १५० किलोपास्कल ठेवले आणि नमुने अनुक्रमे ३९, ६८ आणि ९७ किलोपास्कलला घसरले. आडव्या अक्षावर लंब प्रतिबल व उभ्या अक्षावर कर्तन प्रतिबल घेऊन हे तीन बिंदू मांडले की त्यांतून सरळ रेषा जाते. ५० ने पुढे गेल्यावर ती २९ ने चढते, म्हणजे टॅन फाय साधारण ०.५८, म्हणजे फाय ३० अंश; आणि मागे वाढवली तर ती उभ्या अक्षाला १० वर छेदते, ती संसक्ती. पेटीत कोठे घसरायचे हे आपण ठरवलेले असते, दोन अर्ध्यांमधल्या फटीवर. डोंगराच्या पोटातल्या मातीला मात्र अशी फट कुणी आखून दिलेली नसते. तिच्यातून असंख्य प्रतले कल्पिता येतात, प्रत्येकाचा कल वेगळा. त्यांतले कोणते निवडायचे हे ती माती ठरवते. ती कसे ठरवते हे कळण्यासाठी मोहरकडे जावे लागते.

एक उदाहरण घेऊ. कोरड्या वाळूचा नमुना आहे. संसक्ती शून्य, घर्षणकोन ३० अंश. वरून ३०० किलोपास्कल, चहूबाजूंनी १०० किलोपास्कल असा दाब आहे. (मातीच्या शास्त्रात दाब धन मानतात, ताण ऋण.) आडव्या प्रतलावर फक्त ३०० चा लंब दाब, घसट नाही. उभ्या प्रतलावर फक्त १०० चा, तेथेही घसट नाही. ज्यांवर घसट नाही अशी ही प्रमुख प्रतले आणि त्यांवरची ती प्रमुख प्रतिबले. आता आडव्याशी ६० अंशाचा कोन करणारे तिरपे प्रतल घ्या. त्याच्या खालून एक त्रिकोणी पाचर कापून काढली आणि तिच्या तीन बाजूंवरची बले तोलून पाहिली, तर तिरप्या प्रतलावरचे लंब प्रतिबल येते ३०० गुणिले कोसाइन ६० चा वर्ग, अधिक १०० गुणिले साइन ६० चा वर्ग. म्हणजे ७५ अधिक ७५, एकूण १५०. कर्तन प्रतिबल येते ३०० व १०० मधला फरक, गुणिले साइन ६०, गुणिले कोसाइन ६०, म्हणजे ८६.६. पाचर स्वतः काढून हे एकदा करून पाहावे. पाठ करण्यापेक्षा त्याला दहाच मिनिटे जास्त लागतात.

असेच प्रत्येक कोनासाठी करत गेलो आणि मिळालेल्या जोड्या आलेखावर मांडत गेलो, तर त्या वाटेल तशा विखुरत नाहीत. त्या एका वर्तुळावर बसतात. केंद्र आडव्या अक्षावर, दोन प्रमुख प्रतिबलांच्या मध्यावर, म्हणजे २०० वर. त्रिज्या त्यांच्या फरकाच्या निम्मी, म्हणजे १००. प्रत्यक्षात प्रतल थीटा कोनातून फिरले की वर्तुळावरचा बिंदू दोन थीटा फिरतो, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

हे वर्तुळ मांडणारा क्रिस्तियान ओटो मोहर हा जर्मन अभियंता. जन्म १८३५, मृत्यू १९१८. आरंभी तो रेल्वेच्या कामांवर होता, पुढे श्टुटगार्ट आणि ड्रेस्डेन येथे प्राध्यापक झाला. प्रतिबलांसाठी असे वर्तुळ त्याच्या आधी, १८६६ मध्ये, कुलमानने काढले होते. पण १८८२ मध्ये मोहरने ते व्यापक केले आणि १९०० मध्ये त्याच्याच आधारे पदार्थ केव्हा तुटतो याचा सिद्धान्त मांडला. म्हणून नाव त्याचे राहिले. बीजगणिताचे पानभर काम एका चित्रात आणण्याची त्याची हातोटी होती, आणि ज्यांना सूत्रांची धास्ती वाटते त्यांनी तरी त्याचे ऋण मानले पाहिजे.

आता तोंडी परीक्षेतल्या त्या चुकीच्या उत्तराकडे वळू. वर्तुळाचा सर्वांत उंच बिंदू म्हणजे ४५ अंशाचे प्रतल. तेथे कर्तन प्रतिबल १००, हे सर्वांत जास्त. पण त्याच प्रतलावर लंब प्रतिबल २०० आहे, आणि २०० चा दाब वाळूला २०० गुणिले ०.५७७, म्हणजे ११५ चे सामर्थ्य देतो. मागणी १००, पुरवठा ११५. ते प्रतल घसरत नाही. ६० अंशाच्या प्रतलावर कर्तन प्रतिबल कमी आहे, ८६.६. परंतु तेथे लंब दाबही १५० वर उतरला आहे, आणि १५० गुणिले ०.५७७ म्हणजे बरोबर ८६.६. मागणी आणि पुरवठा समसमान. माती येथे तुटते.

आणखी गंमत पाहा. ३० अंशाच्या प्रतलावरही कर्तन प्रतिबल नेमके ८६.६ च आहे. पण तेथे लंब दाब २५० आणि सामर्थ्य १४४. एकाच नमुन्यातून जाणारी दोन प्रतले, दोघांवर घसट सारखी. एक निर्धास्त, दुसरे तुटण्याच्या काठावर. घसट किती आहे एवढे पाहून भागत नाही, तिला दाबून धरणारे कोण आहे हेही पाहावे लागते. आलेखावर बोलायचे तर कुलोमची रेषा ही सीमा आणि मोहरचे वर्तुळ ही मातीची त्या क्षणाची अवस्था. वर्तुळ रेषेच्या खाली आहे तोवर माती उभी आहे. ज्या बिंदूत ते रेषेला स्पर्श करते तो तुटणाऱ्या प्रतलाचा बिंदू. रेषा चढती असल्यामुळे हा स्पर्श वर्तुळाच्या माथ्यावर होऊच शकत नाही, तो माथ्याच्या डावीकडे होतो. केंद्राकडून स्पर्शबिंदूकडे जाणारी त्रिज्या रेषेला काटकोनात असते. तेवढ्यावरून दोन थीटा बरोबर ९० अधिक फाय हे शाळेच्या भूमितीने निघते. पंचेचाळीस अधिक फाय बाय टू हे तेथून आले.

मुलांची चूक कोठून येते तेही मला ठाऊक आहे. आदल्या वर्षी आपण पोलादाची सळई शिकवतो. पोलादाला कोणी किती दाबून धरले आहे याची फारशी पर्वा नसते, त्याची सीमारेषा जवळजवळ आडवी. म्हणून ते जास्तीत जास्त घसटीच्या प्रतलावर, ४५ अंशात वाहू लागते. मुले तेच मनात धरून मातीकडे येतात. पोलाद हा एकजीव पदार्थ आहे. माती ही गर्दी आहे.

प्रयोगवह्यांबद्दल एक तक्रार येथेच नोंदवून ठेवतो. त्रिअक्षीय चाचणीत ३८ मिलिमीटर व्यासाचा आणि ७६ मिलिमीटर उंचीचा नमुना रबरी पिशवीत घालून पाण्याच्या दाबाखाली ठेवतात व वरून तुटेपर्यंत दाबतात. तीन नमुने, तीन वर्तुळे आणि त्यांना स्पर्श करणारी एक रेषा. खऱ्या मातीची तीन वर्तुळे एका रेषेला कधी बिनबोभाट स्पर्श करत नाहीत. एखादे रेषेच्या वर डोके काढते, एखादे खाली राहते. पण आमच्या वह्यांत ती सुतात ओवल्यासारखी असतात! रेषा अगोदर आणि वर्तुळे नंतर काढली गेली हे उघड दिसते. अशा वहीला मी हल्ली कमी गुण देतो आणि वाकड्या वर्तुळाखाली 'नमुना काढताना कडेला चिरला होता' असे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याला जास्त.

आतापर्यंतची माती कोरडी होती. आमच्या बेळगावात जून ते सप्टेंबर ती कोरडी राहत नाही, आणि खरा विषय तेथून सुरू होतो.

मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या आणि त्या पाण्यालाही दाब आला, तर वरून येणाऱ्या भारातला काही वाटा पाणी उचलते. पाण्याला घर्षण नाही. ते कणांना एकमेकांवर दाबत नाही, उलट सारखे सर्व बाजूंनी अलग ढकलते. म्हणून कणांच्या पकडीच्या कामी येतो तो एकूण दाब नव्हे. त्यातून पाण्याचा दाब वजा जाता जे उरते तेच. या उरलेल्याला आपण प्रभावी प्रतिबल म्हणू. कार्ल टेर्झागी याने १९२० नंतरच्या काही वर्षांत, इस्तंबूल येथे शिकवत असताना हे ओळखले आणि १९२५ मध्ये त्याचा ग्रंथ निघाला. आजची मृदायामिकी तेथून सुरू होते असे मानतात.

वर्तुळाच्या भाषेत याचा अर्थ काय? पाण्याचा दाब सर्व दिशांना सारखा. मोठ्या प्रमुख प्रतिबलातून तो जेवढा वजा होतो तेवढाच लहानातूनही वजा होतो. दोघांतला फरक तसाच राहतो, म्हणजे त्रिज्या तीच राहते. वर्तुळ मोठे होत नाही. ते आहे तेवढेच डावीकडे सरकते. आणि डावीकडे सीमारेषा खाली उतरत आलेली असते.

आकडे घालून पाहू. ३० अंश घर्षणकोनाची, संसक्ती नसलेली माती. प्रमुख प्रतिबले ३५० आणि १५०. केंद्र २५० वर, त्रिज्या १००. केंद्रापासून सीमारेषेचे लंब अंतर २५० गुणिले साइन ३०, म्हणजे १२५. वर्तुळ रेषेपासून २५ ने दूर आहे; माती सुखरूप. आता पाऊस पडला, पाणी आत मुरले आणि छिद्रांतल्या पाण्याचा दाब ५० किलोपास्कलवर गेला. साधारण पाच मीटर उंचीच्या पाण्याचा दाब एवढा असतो. केंद्र २०० वर सरकले, लंब अंतर १०० झाले, त्रिज्या १०० आहेच. वर्तुळ रेषेला भिडले. डोंगरावर कुणी एक वीटसुद्धा जास्त ठेवली नव्हती.

"अहो, एवढी वर्षे उभा असलेला डोंगर एकाएकी कसा पडला?" या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा असे असते. ३० जुलै २०१४ च्या सकाळी पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात माळीण गावावर अतिवृष्टीत डोंगराचा भाग खाली आला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. अशा घटनेत भूरचना, उताराची केलेली काटछाट, पाण्याच्या बुजलेल्या वाटा अशा पुष्कळ गोष्टींचा वाटा असू शकतो, आणि कोणाचा किती हे जागेवर पाहूनच ठरते. पण पावसाने करण्याचे काम मुख्यतः तेच : वर्तुळ डावीकडे सरकवणे.

पाण्याची दुसरीही एक बाजू आहे आणि ती आपल्याकडच्या शेतकऱ्याला आणि पोरांना पुस्तकाआधी ठाऊक असते. दिवाळीत आपल्या गल्ल्यांतून किल्ले उभे राहतात. अगदी कोरड्या मातीचा बुरूज उभा राहत नाही, फार पाणी घातले तर तो बसतो. मधल्या एका ओलीवर मात्र हवा तसा उभा कडा कापता येतो. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो त्या अवस्थेतली माती मुठीत दाबली की तिचा लाडू वळतो. या ओलीत छिद्रे पाण्याने पूर्ण भरलेली नसतात. कणांच्या सांध्यांवर पाण्याचे पडदे असतात आणि ते कणांना जवळ ओढतात. पाण्याचा दाब येथे ऋण असतो. म्हणजे वर्तुळ उजवीकडे, सुरक्षित बाजूला सरकलेले असते, आणि मातीला नसलेली संसक्ती असल्यासारखी वाटते. हा उसना चिकटपणा पाऊस परत घेऊन जातो. मंगळूरकडे जांभ्याच्या थराखाली जी शेडी माती सापडते ती याच जातीची : कोरडी असताना उभी कापावी तर उभी राहते आणि भिजली की हाताला लागत नाही.

आता मी आरंभी म्हटलेले दुसरे कारण सांगतो.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या रस्त्यापासून जवळच सांडपाण्याच्या वाहिनीसाठी चर खणत होते. लाल माती, तीन मीटर खोली, दोन्ही भिंती ओळंब्यात उभ्या. फळ्या नाहीत, आडवे टेकू नाहीत. संध्याकाळी फिरायला निघालो असताना मी काठावर थांबून पाहिले. मुकादम म्हणाला, "माती घट हाय साहेब, पहार मारली की खणखणते." ते खरे होते. भिंती इतक्या सुरेख कापलेल्या होत्या की दुसऱ्या दिवशी वर्ग येथे आणून उभा छेद दाखवावा असे माझ्या मनात आले. मनात एवढेच आले. त्या रात्री वळवाचा पाऊस झाला. सकाळी ऊन पडले, पाणी उपसून माणसे खाली उतरली आणि दहाच्या सुमारास एका बाजूची भिंत सुटली. एकजण कमरेपर्यंत अडकला, तो वाचला. दुसरा पूर्ण गाडला गेला होता. एक घनमीटर माती अठराशे किलोच्या आसपास भरते. तिच्याखाली छाती फुगू शकत नाही. बाहेर काढेपर्यंत उशीर झाला होता.

त्या रात्री मी जे गणित केले ते आदल्या संध्याकाळी काठावर उभे राहून तोंडी करता आले असते. कोरड्या दिवसांत त्या मातीचे एकूण कर्तन सामर्थ्य, सगळे संसक्तीच्या खाती धरून, २० किलोपास्कल मानू. मातीचे वजन घनमीटरला १८ किलोन्यूटन. चराच्या उभ्या भिंतीच्या पायथ्याशी बाजूचा दाब शून्य, वरचा दाब वजन गुणिले खोली. वर्तुळ शून्यातून निघते आणि त्याची त्रिज्या वरच्या दाबाच्या निम्मी असते. ती २० झाली की पायथ्याची माती सीमेवर येते. ही खोली दोन सी भागिले वजन, म्हणजे २.२ मीटर. पायथा सीमेवर आला तरी संपूर्ण भिंत लगेच पडत नाही, कारण वरच्या मातीत ताकद शिल्लक असते. म्हणून पुस्तकात उभ्या छेदाची सीमा दुप्पट, चार सी भागिले वजन, दिलेली असते. ती येते ४.४ मीटर. परीक्षेत मुले येथे थांबतात आणि खाली दुहेरी रेघ ओढतात. पण काठाजवळची माती ताणात असते, आणि मातीला ताण सोसत नाही. काठाला समांतर भेगा पडतात. भेग धरली की सीमा २.६७ सी भागिले वजन इतकी खाली येते. म्हणजे साधारण ३ मीटर. त्या संध्याकाळी तो सुरेख चर आपल्या सीमेवर, शिल्लक काही न ठेवता उभा होता. रात्री त्या भेगांतून पाणी उतरले. सामर्थ्य ८ किलोपास्कलवर आले असे धरा. तीच सीमा आता १.२ मीटर. माझे २० आणि ८ हे आकडे अंदाजाचे आहेत. त्या मातीची चाचणी कुणीच केली नव्हती. भारतीय मानक ३७६४ मध्ये दीड मीटरपेक्षा खोल चराला आधार द्यावा असे जे सांगितले आहे, ते असल्या अंदाजांवर कुणाचा जीव टांगू नये म्हणूनच.

चिकणमातीत आणखी एक प्रकार घडतो आणि तो मुलांना नेहमी कोड्यात टाकतो. पाण्याने पूर्ण भरलेल्या चिकणमातीचे तीन नमुने, पाणी बाहेर पडू न देता, वेगवेगळ्या बाजूदाबांखाली भरभर तोडले तर तिन्ही वर्तुळे एकाच आकाराची येतात आणि सीमारेषा आडवी होते. "सर, फाय शून्य आला, मशीन बिघडले." मशीन ठीक असते. पाण्याला बाहेर जायला वाट नसल्यामुळे वाढवलेला सगळा बाजूदाब पाणीच उचलते, कणांपर्यंत काहीच पोहोचत नाही. प्रभावी प्रतिबलात मोजले तर तिन्ही वर्तुळे एकच आहेत. अशा मातीवर भार भरभर चढवला तर तिच्याजवळ केवळ ती आडवी रेषा असते. जमिनीवर टेकलेल्या लांब पायाखाली ती सिद्धान्ताप्रमाणे सी च्या ५.१४ पट भार सोसते, जास्त नाही.

कॅनडात विनिपेगजवळ ट्रान्सकोना येथे रेल्वे कंपनीने बांधलेले ६५ उंच कोठारांचे धान्यागार होते. नवे कोरे. १९१३ च्या शरदात ते धान्याने भरत असताना १८ ऑक्टोबरला खचू लागले आणि दिवसभरात सुमारे २७ अंश कलले. काँक्रीट इतके पक्के की इमारत फुटली नाही, सबंधच्या सबंध आडवी होऊ पाहत होती. पुढे खालून आधार देऊन ती सरळ केली आणि वापरातही आणली. पाया घालण्यापूर्वी वरच्या मातीवर भार ठेवून चाचणी केलेली होती. वरची चिकणमाती कडक होती. मऊ थर तिच्या खाली होता, आणि एवढ्या रुंद पायाचा दाब तिथपर्यंत पोहोचत होता. चाचणीच्या लहानशा पट्टीचा पोहोचला नव्हता.

उपाय सांगायचे तर ते सगळे या एका चित्रात दिसतात. डोंगराच्या कापलेल्या उताराच्या माथ्यावर गटार खणून पाणी वळवणे, अडवणाऱ्या भिंतीला भोके ठेवणे, भिंतीमागे खडीचा थर घालणे : हे वर्तुळाला डावीकडे सरकू न देणे. उतार सौम्य करणे म्हणजे त्रिज्या लहान करणे. चराला फळ्या व आडवे टेकू देणे म्हणजे भिंतीवरचा बाजूदाब शून्यावर येऊ न देणे. लहान प्रमुख प्रतिबल वाढले की वर्तुळ लहानही होते आणि उजवीकडेही जाते. दोन साध्या फळ्या आणि चार वासे इतके काम करतात. भिंतीतली भोके गिलावा करताना सिमेंटने नीटनेटकी बुजवून टाकलेली मी अनेक ठिकाणी पाहिली आहेत. ती छान दिसतात.

एक उदाहरण वाचकांसाठी सोडतो. उतारातल्या एका बिंदूवर एकूण प्रमुख प्रतिबले २६० आणि १०० किलोपास्कल आहेत. प्रभावी संसक्ती १० किलोपास्कल, घर्षणकोन ३० अंश. छिद्रांतल्या पाण्याचा दाब किती झाला म्हणजे माती तुटेल? केंद्रापासून सीमारेषेचे लंब अंतर काढताना संसक्तीचा वाटा, म्हणजे सी गुणिले कोसाइन फाय, विसरू नये. माझे उत्तर सुमारे ३७ किलोपास्कल येते, म्हणजे जवळजवळ ३.८ मीटर उंचीचे पाणी. ज्यांचे वेगळे येईल त्यांनी वही घेऊन यावे. शनिवारी दुपारी मी मृदा प्रयोगशाळेत असतो.